उत्तरेचं पाखं

मायाप्पांना सकाळी "काय, कसं काय?" असं विचारलं की ते म्हणायचे, "दमलो बगा."

दिवस अजून सुरू व्हायचा असायचा. शिडी भिंतीला लागलेली नसायची, चहासुद्धा झालेला नसायचा. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा गृहस्थ कामचुकार दिसतो. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, तब्येत बरी नसावी. मग लक्षात आलं की इतर माणसं जिथे 'राम राम' म्हणतात तिथे मायाप्पा 'दमलो बगा' म्हणतात, आणि त्यात तक्रार काही नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "अजून तर काहीच केलं नाही, दमलात कशाने?" तर म्हणाले, "आता करायचंच हाय न्हवं? आदीच सांगून ठिवल्यालं बरं."

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. सांगलीची मुलगी, साताऱ्यात पहिलीच नेमणूक, हुद्दा ज्युनियर इंजिनीअर. खात्याचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. आमच्या उपविभागाच्या ताब्यात रस्ते होते, मोऱ्या होत्या, गळक्या कचेऱ्या होत्या, आणि साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरावर एक जुनं विश्रामगृह होतं. दोन सूट, पुढे लांबलचक व्हरांडा, मागे रामभाऊ खानसाम्याची खोली, तिच्या शेजारी आणखी एक रिकामी खोली, आणि या सगळ्यावर मंगलोरी कौलं. पावसाळ्याचे चार महिने तिथे ढग घरात शिरतात आणि चादरी वाळत नाहीत. मायाप्पा तिथे रोजंदारीवर होते. कागदावर त्यांचा हुद्दा 'मजूर' एवढाच. पण छप्पर त्यांचं होतं, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

गंमत म्हणजे हा माणूस कोरड्या मुलखातला. माण तालुक्यातलं धनगराचं घर. मेंढरांमागे फिरता फिरता तरुणपणी एका वर्षी डोंगरात आले आणि तिथल्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली राहिले ते राहिलेच. त्यांच्या गावात कौलारू घर औषधालासुद्धा नव्हतं. सगळी धाब्याची घरं, वर सपाट माती. "आमच्याकडं पाऊस आला की मानसं भाईर येऊन बगत्यात," ते म्हणायचे, "हितं पाऊस आला की मानसं घरात बसून वर बगत्यात." बायको हिराबाई गावाकडेच असायची. वर्षातून दोनदा, देवाच्या जत्रेला आणि दिवाळीला, मायाप्पा घरी जायचे. तीस वर्षं हा संसार असाच चालला होता.

छपराच्या एका उतरत्या बाजूला पाखं म्हणतात, हे मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, मायाप्पांनी सांगितलं. विश्रामगृहाला दोन पाखी. दक्षिणेच्या पाख्यावर ऊन, उत्तरेच्या पाख्यावर भल्यामोठ्या जांभळाची सावली. साहजिकच सगळा रोग उत्तरेला. कौलांवर राखाडी-पांढरे चट्टे धरायचे, कडेने कुरळे झालेले, मधूनच पिवळट. मी आपलं त्याला शेवाळ म्हणत होते. मायाप्पांना ते पसंत नव्हतं. "शेवाळ वलं आस्तंय, पुसलं की जातंय," ते म्हणाले. "ही दगडफुलाची जात. बायका मसाल्यात घालत्यात न्हवं, त्येच्यातली. वाळल्यालं दिसतंय, पर जित्तं आस्तंय. कौलाच्या कातड्यात मुळी घालून बसतंय."

त्यावर त्यांचा इलाज ठरलेला. मार्च संपला की उत्तरेच्या पाख्यावरची कौलं रांगेरांगेने खाली घ्यायची, अंगणात उन्हात मांडायची. आठवडाभराने चुन्याच्या निवळीचा हात द्यायचा, पुन्हा ऊन. चट्टा आपोआप सुटायला लागला की नारळाच्या काथ्याने हलकेच झाडायचं. खरवडायचं नाही, तारेचा ब्रश नाही, पाण्याचा मार तर मुळीच नाही. आणि मग ती कौलं परत उत्तरेला जायची नाहीत. ती दक्षिणेला चढायची आणि दक्षिणेची उत्तरेला. त्याला मायाप्पा सरळ 'बदली' म्हणायचे. "ह्यांची सावलीतली नोकरी झाली, आता जरा उनात बसूंद्यात." आमच्या खात्यात इतक्या न्यायाने झालेली बदली मी दुसरी पाहिली नाही.

छपरावर ते अनवाणी चालायचे, आणि खाली कौलं पेलणारी लाकडी रीप कुठे आहे ते तळपायाला ठाऊक असल्यासारखं पाऊल नेमकं तिथेच पडायचं. प्रत्येक कौल बसवण्याआधी बोटाच्या पेराने वाजवून बघायचे आणि कान देऊन ऐकायचे. खणखणीत वाजलं तर 'जित्तं', बद्द वाजलं तर 'दुखनाईत', आणि आवाजच आला नाही तर 'गेलं'. गेलेलं कौल ते फेकत नसत, हळूच बाजूला ठेवत. एका दिवसात एक माणूस किती कौलं साफ करतो, हे मला अंदाजपत्रकात लिहायचं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "कौलाला इचारा." मी मनाने एक आकडा लिहून टाकला. तो मंजूरही झाला.

माझ्या तिसऱ्या वर्षी दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. आधी चांगली सांगते. रोजंदारीवरच्या जुन्या माणसांना कायम करायची यादी वरून आली आणि तीत मायाप्पांचं नाव होतं. त्यांनी स्वतः काहीच दाखवलं नाही. पण रामभाऊने मला सांगितलं, "मायाप्पा कायम झाले म्हंजी ती शेजारची खोली त्यास्नी मिळतीय. वैनीला आननार हायती. परवा स्वता भिंतीला चुना मारला." मी जाऊन पाहिलं. खोली लहान, पण पांढरीशुभ्र. खिडकीच्या गजांना रंगही दिला होता, आणि जमिनीवर दोन चटया गुंडाळून ठेवल्या होत्या.

दुसरी गोष्ट अशी की मुंबईहून कुणी बडे पाहुणे दोन दिवस विश्रामगृहावर उतरणार असं ठरलं. आमचे मोठे साहेब पाहणीला आले, कंबरेवर हात ठेवून छपराकडे बघत म्हणाले, "मॅडम, हे काय? कोड फुटल्यासारखं दिसतंय. पाहुण्यांबरोबर फोटोवाला आहे, वरून ड्रोन फिरवणार आहे तो." मायाप्पा तेव्हा जत्रेला गावी गेले होते. पाहुणे आठ दिवसांवर आले होते.

त्यानंतर जे केलं ते मी केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. साताऱ्यातल्या एका वॉशिंग सेंटरवाल्याला पंपासकट टेम्पोतून वर नेलं. ज्या पंपाने चिखलाने भरलेले ट्रक धुतात, तो. दोन पोरांनी दोन दिवस छपरावर पाण्याचा मारा केला. चट्टे अक्षरशः उडाले. खाली लालभडक पाणी वाहत होतं आणि मला वाटत होतं, घाण निघतेय. संध्याकाळी छप्पर असं दिसायला लागलं की कौलं आजच भट्टीतून काढून आणलीत. रामभाऊ तेवढा म्हणाला, "मायाप्पास्नी इचारलं आसतं म्हंजी बरं झालं आसतं." मी म्हटलं, त्यांना आल्यावर दाखवू, खूश होतील. पाण्याचा मार नको, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण ती जुन्या माणसाची सवय असेल असं मी ठरवून टाकलं, कारण मी डिग्री घेतली होती.

मायाप्पा परत आले. मी मुद्दाम वर गेले होते, शाबासकी घ्यायला. त्यांनी पिशवी व्हरांड्यात ठेवली, शिडी लावली आणि वर गेले. पाऊण तास वाजवण्याचा आवाज येत होता. नीट ऐकलं तर खणखणीत असं फारसं काही नव्हतंच. रामभाऊने आणलेला चहा निवून गेला. खाली उतरून ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "कातडं गेलं म्याडम."

भट्टीत कौलाला वरून एक टणक साय येते. दगडफुलाने मुळ्या त्या सायीतच घातलेल्या. पाण्याने मुळी ओढली, मुळीने साय ओढली, आणि आतली भुसभुशीत माती उघडी पडली. "आता पानी पिनार ती," मायाप्पा म्हणाले. "किती कौलं?" मी विचारलं. "उत्तरंचं आख्खं पाखं. दक्षिनंचं निम्मं." ते मला एक शब्दही वावगा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

पाहुणे आले, ड्रोन फिरला, फोटो सुरेख आले. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

आषाढात छप्पर गळायला लागलं. एका ठिकाणी गळत असतं तर बादली ठेवली असती. इथे कौलं पाणी पिऊन जड झाली होती आणि सगळीकडूनच पाझरत होती. एका सूटचं प्लायवूडचं छत कोपऱ्यात फुगून खाली आलं. गाद्या भिजल्या. साहेबांनी माझ्याकडून अहवाल मागवला.

सरकारी मराठीची एक मोठी सोय आहे. तिच्यात कुणी काही करत नाही, सगळं आपोआप 'दिसून येतं'. मी कचेरीत बसून लिहिलं: 'कौलांवर वाढलेल्या शेवाळामुळे कौले झिजून निकामी झाल्याचे दिसून येते. छपराची नियमित देखभाल झाल्याचे दिसून येत नाही.' पंपाचा उल्लेख नाही. पहिलं वाक्य अर्धं खरं होतं, दुसरं पूर्ण खोटं. माझा परिवीक्षेचा काळ संपायला सात महिने होते आणि मी घाबरले होते. हे कारण आहे, सबब नाही.

अहवालासोबतच्या पंचनाम्यातही तीच दोन वाक्यं होती, आणि त्यावर जागेवरच्या माणसाची सही लागते. मायाप्पांपुढे मी कागद धरला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मला वाटलं, सही कुठे करायची ते त्यांना कळत नाहीये. मी बोटाने जागा दाखवली. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर वेगळं काढून सही केली आणि कागद परत दिला.

पंधरा दिवसांत त्यांना मेमो निघाला. देखभालीत हयगय का झाली याचा खुलासा करा. मेमो आहे म्हणून कायम करायच्या यादीत त्यांच्या नावापुढे शेरा पडला, 'चौकशी प्रलंबित'. साहेब तसे वाईट नव्हते. ते मला म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यापर्यंत बघू. छप्पर टिकलं तर मेमोचं काहीतरी करता येईल. एक थेंब जरी गळला तर पत्रे टाकू, आणि मग कौलवाल्या माणसाची गरजच काय उरली?" मी हे मायाप्पांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरं. बगू." आणि त्या खोलीला त्यांनी कुलूप लावलं.

पुढचे आठ महिने मी या माणसाला जे करताना पाहिलं ते मला कुठल्याही अंदाजपत्रकात लिहिता आलं नसतं. पाच-साडेपाच हजार कौलं त्यांनी एकेक करून वाजवली. जित्ती वेगळी, दुखणाईत वेगळी, गेलेली वेगळी. जित्ती सगळी सूटवर घ्यायची, दुखणाईत व्हरांड्यावर आणि सैपाकघरावर. तरी हजारभर कमी पडत होती. त्या साच्याची कौलं आता कुठे होत नाहीत, आणि दुसऱ्या साच्याची खाच खाचेत बसत नाही. मग मायाप्पांनी एक कौल पिशवीत घातलं आणि गावं हिंडायला लागले. डोंगरात जिथे जिथे जुनं घर उतरवून स्लॅब पडत होता तिथे तिथे ते पोचायचे. अंगणात रचलेल्या ढिगातलं एक कौल उचलायचं, आपलं कौल त्याला लावून बघायचं, वाजवायचं, मागचा छाप बघायचा.

एकदा मी त्यांच्याबरोबर होते. घरमालक म्हातारा हौशी निघाला. त्याने आम्हाला बसवलं, पोहे आणले आणि म्हणाला, "बगा बाबा नीट. घाई करू नगा." मायाप्पांनी दोन कौलं एकमेकांना लावली, फिरवली, पुन्हा लावली. मग पोह्यांची बशी खाली ठेवून गंभीरपणे म्हणाले, "पोरगी ग्वाड हाय पावनं, पर जमत न्हाई. खाच बसंना." म्हातारा हसून हसून बेजार झाला आणि पुढच्या वाडीतल्या भावाकडे त्याने स्वतः आम्हाला नेलं. तिथे जमलं. अडीचशे कौलं फुकट मिळाली, फक्त वाहून न्यायची होती.

मे महिन्यात एक दिवस मी खाली उभी होते. मायाप्पा आढ्याजवळ होते. चालता चालता थांबले, हळूच खाली बसले आणि आढ्याचं कौल दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून घेतले. मी हाका मारल्या. बऱ्याच वेळाने आवाज आला, "काय न्हाई. दमलो जरा." इतक्या वर्षांत त्या शब्दाला पहिल्यांदाच अर्थ होता. रामभाऊने सांगितलं की महिन्याभरापासून त्यांना चक्कर येते आहे. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी वर पाठवू. मायाप्पा खाली आल्यावर म्हणाले, "दुसऱ्याला वाजवाय कवा शिकवायचं? पंदरा दीस ऱ्हायल्यात पावसाला."

छप्पर टिकलं. जुलैत साहेब स्वतः येऊन सूटमध्ये झोपले. बाहेर आभाळ फाटल्यासारखा पाऊस, आत चादर कोरडी. सकाळी त्यांनी वर बघत बघत चहा घेतला आणि म्हणाले, "मानलं बुवा." मायाप्पा व्हरांड्याच्या टोकाला उभे होते, रेनकोट म्हणून खताचं पोतं पांघरून. ते हसले. मला आठवतं तितक्या दिवसांत ते एवढं मोकळं हसलेले ते एकदाच.

गाडीत बसताना साहेब मला म्हणाले, "मेमो काढून टाकू. पण तुमच्या अहवालात देखभाल झाली नाही असं आहे. तेवढा सुधारित अहवाल द्या. नुकसान कशाने झालं ते नीट लिहा." मी म्हटलं, "हो सर."

मी दिला नाही. चार वेळा लिहायला घेतला. पंप लिहिला की पंप कुणी आणला ते लिहावं लागत होतं. परिवीक्षा संपून नोकरी पक्की झाल्याचं पत्र तेव्हा नुकतंच हातात पडलं होतं. मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना कशातलं काही माहीत नव्हतं. यादीची मुदत गेली. मी कायम झाले आणि मायाप्पा झाले नाहीत. त्यानंतरच्या वर्षी मला सांगलीला बदली मिळाली. निघताना मायाप्पा साताऱ्याच्या स्टँडवर आले होते. "पोचल्यावर फोन करा," म्हणाले. मी केला नाही.

नंतर रामभाऊकडून कळलं की चक्कर येते म्हणून मायाप्पांना वर चढायला मनाई केली, आणि खाली त्यांना काम नव्हतं. एक दिवस चटया गुंडाळून ते गावी गेले.

मागच्या हिवाळ्यात मला कुपवाडला एका कारखान्यात माल तपासायला पाठवलं. छपराचे पत्रे होते, कौलांच्या घडीचे, कौलांच्याच रंगाचे. लांबून बघितलं तर फसावं असे. जाडी मोजली, रंगाचा थर मोजला, सगळं नियमात होतं. सही करताना पाठवणीचा पत्ता वाचला. आमचंच विश्रामगृह. मी सही केली, कारण माल चांगला होता. बाहेर येऊन कामगारांच्या मोटारसायकली लावलेल्या होत्या तिथे बराच वेळ उभी राहिले. ते छप्पर उतरलं की माझ्या हातून काय झालं होतं याचा पुरावाच राहणार नव्हता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्याच रविवारी विट्यावरून बस बदलत मी मायाप्पांच्या गावी गेले.

मायाप्पा दारातल्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. खूप वाळले होते. "या म्याडम," म्हणाले, जणू मी गेल्या आठवड्यात येऊन गेले होते. हिराबाई बाहेर आल्या, मला नीट न्याहाळून विचारलं, "ह्याच व्हय त्या?" मायाप्पांनी मान हलवली. त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी आधी छपराचं सांगितलं. कौलं काढून तिथे आता पत्रे बसणार होते.

"रामभाऊचा फोन आल्ता," मायाप्पा म्हणाले. "पावसात लय वाजत्याल म्हनं. झोप लागायची न्हाई त्येला."

"मायाप्पा, आणखी एक सांगायचं आहे," मी म्हटलं, आणि सांगितलं. अहवाल, दोन वाक्यं, साहेबांनी सुधारित अहवाल मागितला होता ते, मी दिला नाही ते. त्यांनी मधे कुठे थांबवलं नाही.

"वाचलं हुतं म्या," ते म्हणाले.

"सही केलीत तेव्हा?" मी विचारलं.

"चौथीपातूर शाळा झालीया माझी. हळू वाचतो, पर वाचतो. सही करताना म्हनलं, आज घाबरल्यात, उद्याच्याला सांगत्याल. मंग म्हनलं, पावसाळा सरल्यावर सांगत्याल. मंग छप्पर टिकलं. म्हनलं, आता सांगाय काय हरकत न्हाई. मंग तुमची बदली झाली."

"तुम्ही का नाही बोललात? साहेब ऐकत होते तुमचं."

"म्या कसं बोलू? पंप तुमी आनल्याला. सांगायचं तुमीच."

हिराबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "ती खोली बगितली न्हाई म्या. हे लय सांगायचं. खिडकीतनं ढग आत येतोय म्हनं." मी म्हटलं, येतो. त्यांनी मान डोलावली आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या. मी आता तरी कचेरीला खरं काय ते लिहून पाठवते, असं म्हटलं. मायाप्पा म्हणाले, "लिवा वाटलं तर. मला काय त्येचं आता." मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नव्हे, त्यांना ते आवडत नसे.

स्टँडपर्यंत ते मला सोडायला आले, भिंतीचा आधार घेत घेत. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. बाकावर त्यांच्याच वयाचा एक म्हातारा बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मायाप्पांना विचारलं, "ह्या कोन म्हनायच्या?"

"आमच्या म्याडम. सातारला हुत्या."

"मंग हिकडं कुनीकडं?"

"ह्यांच्या हातनं एक चूक झाल्ती," मायाप्पा म्हणाले. "ती सांगाय आल्या."

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुठनं?"

"सांगलीसनं."

"येवड्या लांबनं? लय मोठी हुती काय चूक?"

मी रस्त्याकडे बघत राहिले. मायाप्पांनी जरा विचार केला. मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार, कुठली मोठी. मला ते हवं होतं, हे कबूल करते.

"हुती," ते म्हणाले. "मोठी हुती."

बस आली. त्यांनी माझी पिशवी वर दिली आणि कंडक्टरला, बाईंना विट्याला उतरवा, असं दोनदा बजावलं. मी खिडकीपाशी बसले. मायाप्पा परत बाकावर जाऊन टेकले होते. म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं असावं. बस वळली तेव्हा ते दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक लावून, तळहात तिरपे धरून, त्याला उतरतं छप्पर कसं असतं ते दाखवत होते.